न्यूट्रॉन मोजणाऱ्यांचे काम



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी हयातभर विज्ञान शिकवले. त्यांच्या नावाने बोलायचे तर विज्ञानाचे गोडवे गाण्यापेक्षा विज्ञानच बोलावे, असे मला वाटते. म्हणून आजचा विषय मी मुद्दाम थोडा अवघड घेतला आहे. दोन अणुकेंद्रके एकमेकांवर आदळली की त्यांतून न्यूट्रॉन सुटतात, कधी केंद्रकाचे दोन तुकडे होतात. हे न्यूट्रॉन आणि हे तुकडे मोजायचे कसे, आणि मोजून कळते काय, एवढेच मला सांगायचे आहे. हा विषय घेण्याला आणखी एक कारण आहे. यातले काही अव्वल दर्जाचे काम आपल्या मुंबईत, कुलाब्याला आणि तुर्भ्याला झालेले आहे, आणि त्याची हकिकत मराठीत फारशी कोणी सांगत नाही.

अणू किती लहान असतो हे आपण शाळेत शिकतो. अणूचे केंद्रक त्याच्याहीपेक्षा काही दहा हजार पटींनी लहान. शिशाच्या केंद्रकाची त्रिज्या सुमारे सात फेम्टोमीटर, म्हणजे एका मीटरचे एकावर पंधरा शून्ये इतके भाग केले तर त्यातले सात. कोणत्याही सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसत नाही, पुढेही दिसणार नाही. मग त्याच्या आत काय चालते ते कळायचे कसे? त्याच्यावर काहीतरी वेगाने आदळवायचे आणि बाहेर काय आले, कुठल्या दिशेला आले, किती वेगाने आले, हे टिपत बसायचे. रदरफर्ड यांनी १९११ साली केंद्रकाचा शोध लावला तो याच रीतीने. आज शंभरहून जास्त वर्षे झाली, यंत्रे बदलली, पण रीत तीच आहे.

आदळवण्यासाठी जे केंद्रक वापरतात ते हेलियमपेक्षा जड असेल, म्हणजे लिथियम, कार्बन, ऑक्सिजन किंवा त्याहून मोठे असेल, तर त्याला जड आयन म्हणतात. असा आयन दुसऱ्या केंद्रकात घुसला आणि दोघे मिसळून एक झाले, की जे नवे केंद्रक तयार होते ते विलक्षण तापलेले असते. केंद्रकांच्या जगात ऊर्जा एमईव्ही या एककात मोजतात. एक एमईव्ही इतके तापमान म्हणजे सुमारे ११६० कोटी केल्विन. सूर्याच्या पोटातले तापमान दीड कोटीच्या आसपास आहे. म्हणजे कुलाब्याच्या एका खोलीत, एका पातळ पत्र्यावर, सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशापुरते, सूर्याच्या गाभ्याच्या कित्येक शे पट तापमान निर्माण होते. फक्त ते दोनेकशे कणांच्या एका पुंजक्यात असते, त्यामुळे शेजारी कुणाला झळ लागत नाही.

हे तापलेले केंद्रक थंड होते ते कण बाहेर टाकून. गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळू लागला की वाफ निघत राहते आणि प्रत्येक वाफेबरोबर रसातली उष्णता जाते, तसेच येथे घडते. शास्त्रज्ञांनीही याला बाष्पीभवन असेच नाव दिले आहे. व्हिक्टर वाइसकॉफ यांनी १९३७ साली त्याचे गणित मांडले. यात प्रोटॉनपेक्षा न्यूट्रॉनच जास्त का सुटतात? प्रोटॉनवर धन विद्युतभार असतो, आणि जड केंद्रकाभोवती त्या भाराची एक उंच भिंत उभी असते. ती ओलांडायला प्रोटॉनला जादा ऊर्जा लागते. न्यूट्रॉनवर भारच नाही, त्याला भिंत आडवी येत नाही. त्यामुळे शिशासारखे जड केंद्रक तापले की मुख्यतः न्यूट्रॉन सोडूनच निवते.

पण ज्या गुणामुळे तो सहज सुटतो, त्याच गुणामुळे तो सहज सापडत नाही. विद्युतभार असलेला कण पदार्थातून जाताना वाटेतल्या इलेक्ट्रॉनांना हिसके देत जातो, त्याचा माग राहतो. न्यूट्रॉन काहीच माग ठेवत नाही. म्हणून तर जेम्स चॅडविक यांना तो सापडायला १९३२ साल उजाडले. आजही न्यूट्रॉन थेट कुणालाच दिसत नाही. तो ज्याला धडकतो, तो दिसतो.

धडकायला सर्वांत चांगला कोण? हायड्रोजन. न्यूट्रॉन आणि हायड्रोजनचे केंद्रक, म्हणजे प्रोटॉन, यांचे वस्तुमान जवळजवळ सारखे. सारख्या वजनाचे दोन कण समोरासमोर धडकले, तर पहिला थांबतो आणि त्याची सगळी ऊर्जा दुसऱ्याला मिळते. शिशासारख्या जड केंद्रकाला न्यूट्रॉन धडकला तर तो नुसताच मागे फिरतो, ऊर्जा जवळपास तेवढीच राहते. ही गोष्ट ऊस आणि डाळिंब पिकवणाऱ्या या करकंबच्या भागात आणखी एका कारणाने सांगण्यासारखी आहे. जमिनीतली ओल मोजण्यासाठी कृषी संशोधनात न्यूट्रॉन प्रोब वापरला जातो. जमिनीत नळी बसवून त्यात न्यूट्रॉनचा स्रोत सोडतात. मातीत पाणी जितके जास्त, तितका हायड्रोजन जास्त, आणि तितके जास्त न्यूट्रॉन मंद होऊन परत येतात. ते मोजले की मुळांच्या थरात किती पाणी आहे ते कळते. कुलाब्याचा न्यूट्रॉन शोधक आणि शेतातला हा प्रोब एकाच नियमावर चालतात.

प्रयोगशाळेत हायड्रोजन भरपूर असलेले खास प्लॅस्टिक किंवा खास द्रव वापरतात. त्यांना सिंटिलेटर म्हणतात. न्यूट्रॉनने आतल्या प्रोटॉनला धडक दिली की तो प्रोटॉन प्लॅस्टिकमध्ये पळतो आणि त्याच्या वाटेवर निळसर प्रकाशाची क्षीण चमक उठते. ती डोळ्यांना दिसण्याइतकी नसते. टोकाला बसवलेली फोटोमल्टिप्लायर नळी तिचे विजेच्या ठोक्यात रूपांतर करते. पुढे ज्याची हकिकत सांगणार आहे, त्या मुंबईच्या प्रयोगात एक मीटर लांबीच्या, सहा सेंटिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकच्या दांड्या शेजारी शेजारी रचून जणू भिंतच केली होती. प्रत्येक दांडीच्या दोन्ही टोकांना नळी. चमक उजव्या टोकाजवळ उठली तर उजव्या नळीला प्रकाश आधी पोहोचतो, डाव्या नळीला काही नॅनोसेकंद उशिरा. त्या फरकावरून न्यूट्रॉन दांडीत नेमका कुठे धडकला ते कळते. नॅनोसेकंद म्हणजे एका सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. एवढ्या वेळात प्रकाश हवेत फक्त तीस सेंटिमीटर जातो.

आता न्यूट्रॉनची ऊर्जा कशी मोजायची? चमक किती मोठी यावरून ती कळत नाही, कारण धडक कधी समोरासमोर होते, कधी निसटती. म्हणून सरळ वेग मोजतात. टक्कर झाली ती वेळ एक, न्यूट्रॉन दांडीत पोहोचला ती वेळ दोन, मधले अंतर ठाऊक. आठवीतल्या मुलाने करावे असे गणित आहे. एक एमईव्हीच्या न्यूट्रॉनला एक मीटर जायला सुमारे ७२ नॅनोसेकंद लागतात. चार एमईव्हीच्या न्यूट्रॉनला ३६. दहा एमईव्हीचा असेल तर २३. आणि टकरीतून न्यूट्रॉनबरोबर गॅमा किरणही सुटतात, ते प्रकाशाच्याच वेगाने जातात, त्यांना अवघे ३.३ नॅनोसेकंद पुरतात.

संगणकाच्या पडद्यावर हा आलेख हळूहळू भरत जाताना पाहणे ही या क्षेत्रातली माझी सर्वांत आवडती गोष्ट आहे. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर नोंदींची संख्या. सुरुवातीला नुसते विखुरलेले ठिपके. तासाभराने डावीकडे एक सुईसारखे टोकदार शिखर उभे राहते, ते गॅमा किरणांचे. त्याच्यापुढे थोडी मोकळी जागा. आणि मग एक पसरट टेकाड, आधी चढणारे आणि मग लांबपर्यंत उतरत जाणारे. तेच न्यूट्रॉन. गॅमाचे शिखर टोकदार आले नाही, पसरले, तर सगळे जण ओळखतात की वेळेच्या मोजणीत कुठेतरी गडबड आहे, आणि प्रयोग थांबवून तारा तपासायला लागतात. आयनांना वेग देणारे यंत्र, म्हणजे त्वरक, चोवीस तास चालतो, त्यामुळे पाळ्या लावाव्या लागतात. पहाटे तीन वाजता एखादी पीएच.डी.ची विद्यार्थिनी त्या शिखराची रुंदी वहीत लिहून ठेवते आणि शेजारी सही करते. या शास्त्राचा पाया त्या वहीत आहे.

कारण कच्ची मोजणी म्हणजे खरी मोजणी नव्हे. समोरून गेलेल्या शंभर न्यूट्रॉनांपैकी दांडीत मोजकेच धडकतात, बाकीचे आरपार निघून जातात. किती धडकतात हे न्यूट्रॉनच्या ऊर्जेवर अवलंबून असते. मग खरी संख्या कशी सांगायची? त्यासाठी कॅलिफोर्नियम-२५२ हे समस्थानिक वापरतात. त्याची काही केंद्रके आपोआप दुभंगतात आणि प्रत्येक वेळी सरासरी सुमारे ३.७६ न्यूट्रॉन सोडतात. ही संख्या आणि त्या न्यूट्रॉनांच्या ऊर्जेची विभागणी जगभर तपासून पक्की केलेली आहे. तो स्रोत समोर ठेवायचा, आपल्या शोधकाला किती दिसले ते पाहायचे, आणि आपल्या शोधकाची नजर किती कमी आहे ते आधी मान्य करायचे. दुसरी अडचण भिंतींची. न्यूट्रॉन काँक्रीटवर, जमिनीवर, लोखंडी चौकटीवर आपटून परत फिरतात आणि उशिरा शोधकात शिरतात. उशिरा आलेला न्यूट्रॉन मंद वाटतो, म्हणजे खोटी नोंद होते. हे किती आहेत हे कळावे म्हणून टकरीची जागा आणि शोधक यांच्या मधोमध लोखंडाचा जाड दांडा आडवा धरून तोच प्रयोग पुन्हा करतात. थेट येणारे न्यूट्रॉन अडतात, आडवळणाने येणारे मोजले जातात, आणि तेवढे मग मूळ आकड्यातून वजा करतात. वजाबाकी केल्यावर उरते ते निसर्गाचे. त्यालाही अधिक-उणे किती, ते लिहावेच लागते. अधिक-उणे न लिहिलेला आकडा या शास्त्रात कोणी हातात घेत नाही.

आता तुकड्यांकडे येतो. तापलेले जड केंद्रक नेहमी न्यूट्रॉन सोडूनच निवेल असे नाही. कधी ते लांबट होते, मध्ये आवळले जाते आणि दुभंगते. याला विखंडन म्हणतात. युरेनियमचे विखंडन १९३८ च्या अखेरीस हान आणि श्ट्रासमान यांच्या प्रयोगात हाती आले, लिझे माइटनर आणि ऑटो फ्रिश यांनी त्याचा अर्थ लावला, आणि १९३९ साली बोहर आणि व्हीलर यांनी त्याचा सिद्धांत दिला. तो सिद्धांत सुंदर आहे, आजही वापरात आहे. पण त्यात एक गृहीत होते. आकार बदलून दुभंगण्यासाठी केंद्रकाला जणू काही वेळच लागत नाही, आतले द्रव्य वाहताना अडखळत नाही, असे ते गृहीत. डच शास्त्रज्ञ क्रामर्स यांनी १९४० सालीच विचारले होते की हे द्रव्य चिकट असेल तर काय? त्या प्रश्नाकडे पुढे कित्येक वर्षे फारसे कोणी वळले नाही. कारण चिकटपणा मोजायचा कशाने, हेच ठाऊक नव्हते.

तो न्यूट्रॉनांनी मोजता आला. केंद्रक दुभंगण्याआधी काही न्यूट्रॉन सोडते आणि दुभंगल्यावर तापलेले दोन्ही तुकडेही न्यूट्रॉन सोडतात. शोधकाला सगळे न्यूट्रॉन सारखेच. मग आधीचा कोणता आणि नंतरचा कोणता? इथे तुकडे कामाला येतात. जड तुकडा साधारण १.२ सेंटिमीटर दर नॅनोसेकंद या वेगाने पळत असतो. त्याने पळता पळता दोन एमईव्हीचा न्यूट्रॉन सोडला, तर त्या न्यूट्रॉनचा स्वतःचा वेग साधारण दोन सेंटिमीटर दर नॅनोसेकंद. तुकड्याच्याच दिशेने सुटला तर दोन्ही वेग मिळून ३.२, आणि प्रयोगशाळेत त्याची ऊर्जा पाच एमईव्हीच्या वर दिसते. उलट दिशेला सुटला तर वजाबाकी होऊन ०.८, आणि ऊर्जा अर्ध्या एमईव्हीपेक्षाही कमी. दुभंगण्याआधी सुटलेल्या न्यूट्रॉनांना मात्र तुकड्यांची दिशा ठाऊक नसते, ते सगळीकडे जवळपास सारखेच पसरतात. म्हणून तुकडा कुठे गेला ते पातळ वायूने भरलेल्या, बारीक तारांच्या शोधकाने टिपायचे, त्याच क्षणी भोवतालच्या प्रत्येक कोनात किती न्यूट्रॉन कोणत्या वेगाने आले ते टिपायचे, आणि मग आधीचे आणि नंतरचे वेगळे काढायचे. एका कोनात शोधक ठेवून हे होत नाही, चहूकडे लागतात. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात यासाठी शंभर न्यूट्रॉन शोधकांची जुळणी उभी आहे. घुमटासारख्या सांगाड्यावर द्रव सिंटिलेटरचे डबे टकरीच्या जागेकडे तोंड करून बसवलेले, प्रत्येकाचे अंतर पावणेदोन मीटर. देशातल्या विद्यापीठांतली मुले तेथे वेळ मागून घेतात आणि स्वतःचा प्रयोग करतात.

अशा प्रयोगांतून कॅनबेरापासून दिल्लीपर्यंत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली. दुभंगण्याआधी सुटणाऱ्या न्यूट्रॉनांची संख्या बोहर आणि व्हीलर यांच्या गणितापेक्षा जास्त भरते, आणि केंद्रक जास्त तापवावे तशी ही तफावत वाढत जाते. याचा अर्थ दुभंगायला वेळ लागतो आणि त्या वेळात केंद्रक न्यूट्रॉन सोडत बसते. एक न्यूट्रॉन सुटायला किती वेळ लागतो हे सिद्धांत सांगतो, म्हणून न्यूट्रॉन मोजले की वेळ मोजली जाते. तो वेळ किती? एकावर वीस शून्ये दिली की जी संख्या होते, सेकंदाचे तितके भाग करावेत, आणि त्यातले काही भाग घ्यावेत. जगातले कोणतेही घड्याळ तेथवर पोहोचत नाही. मोजलेले न्यूट्रॉन पोहोचतात. क्रामर्स यांचा प्रश्न रास्त होता हे त्यांनीच दाखवून दिले.

आता मुंबईची हकिकत. तुर्भ्याला ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. राजा रामण्णा यांनी तेथे विखंडनाचा अभ्यास करणारा तरुणांचा गट जमवला. एस. एस. कपूर, रामण्णा आणि पी. एन. रामराव यांनी युरेनियम-२३५ च्या विखंडनातून सुटणाऱ्या न्यूट्रॉनांवरचा शोधनिबंध १९६३ साली फिजिकल रिव्ह्यूमध्ये छापला. सगळेच न्यूट्रॉन पळत्या तुकड्यांतून येतात की काही दुभंगण्याच्या क्षणीच सुटतात, हा त्यांचा प्रश्न होता. म्हणजे आज शंभर शोधक लावून जे विचारले जाते, त्याचीच ही सुरुवातीची पावले. साधने तुटपुंजी, पण प्रश्न नेमका.

याच परंपरेतून पुढे एक मोठी कल्पना निघाली. केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन कवचांत बसतात. काही संख्यांना कवच पूर्ण भरते आणि केंद्रक फार स्थिर होते. २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ या त्या संख्या. मारिया गोपर्ट मायर आणि हान्स येन्सेन यांनी १९४९ साली याचे कारण दिले, त्यासाठी १९६३ साली त्यांना नोबेल मिळाले. शिसे-२०८ मध्ये ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन, दोन्ही कवचे पूर्ण भरलेली. म्हणून ते असाधारण स्थिर आहे. पण हे झाले थंड शिशाचे. केंद्रक तापत गेले, आतले कण एका कवचातून दुसऱ्यात उड्या मारू लागले, तर कवचांचा हा प्रभाव टिकेल का? तुर्भ्याच्या व्ही. एस. राममूर्ती, कपूर आणि एस. के. कटारिया यांनी १९७० साली फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये दाखवले की ऊर्जा वाढत जाते तसा तो प्रभाव ओसरत जातो. १९७५ च्या सुमारास सोव्हिएत शास्त्रज्ञ इग्नात्युक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला एक सुटसुटीत सूत्र दिले. त्या सूत्रात एक स्थिरांक आहे, गॅमा नावाचा. प्रभाव किती लवकर ओसरतो ते तो सांगतो. जगभरच्या गणितांत लोक हा स्थिरांक वापरू लागले, पण तापलेल्या केंद्रकात, ऊर्जा वाढवत वाढवत, तो थेट कुणी मोजलेला नव्हता.

दरम्यान १९८८ च्या अखेरीस कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांचा पेलेट्रॉन त्वरक सुरू झाला. उभ्या मनोऱ्यात एक प्रचंड टाकी, आत विद्युत ठिणगी न पडू देणारा सल्फर हेक्साफ्लोराइड वायू. नायलॉनच्या कड्यांनी जोडलेल्या धातूच्या नळकांड्यांची साखळी फिरत राहते आणि मधल्या टोकावर विद्युतभार नेऊन साठवते. तेथे १४ दशलक्ष व्होल्टपर्यंत दाब चढवता येतो. वरून ऋणभाराचा आयन या टोकाकडे खेचला जातो, टोकाशी एका पातळ पापुद्र्यातून जाताना त्याचे इलेक्ट्रॉन ओरबाडले जातात, तो धनभाराचा होतो आणि मग तोच दाब त्याला खाली ढकलतो. एकाच दाबाचा दोनदा उपयोग. लिथियमचे तीनही इलेक्ट्रॉन गेले आणि दाब साडेसात दशलक्ष व्होल्ट असला, तर जाताना साडेसात आणि येताना त्याच्या तिप्पट, मिळून ३० एमईव्ही. पुढे २००७ सालापर्यंत याला जोडून अतिवाहक रेषीय त्वरक, म्हणजे लिनॅक, उभारला गेला. त्याच्या तांब्याच्या पोकळ्यांना आतून शिशाचा मुलामा आहे. द्रव हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सियसला, शिशाचा विद्युत रोध नाहीसा होतो. हे सगळे बहुतांशी येथेच घडवलेले आहे.

याच पेलेट्रॉनवर तो स्थिरांक मोजला गेला. लक्ष्य होते थॅलियम-२०५ चा पातळ पत्रा, मारा लिथियम-७ चा. लिथियम-७ चे केंद्रक ढिले असते. एक अल्फा कण आणि एक ट्रायटॉन, म्हणजे एक प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन, असे ते सहज सुटे होते. टकरीत थॅलियम ट्रायटॉन तेवढा गिळते, अल्फा निसटतो. २०५ आणि ३ म्हणजे २०८, ८१ आणि १ म्हणजे ८२. तापलेले शिसे-२०८ तयार! किती तापले, ते निसटलेल्या अल्फाच्या ऊर्जेवरून कळते, कारण एकूण ऊर्जेतून अल्फाने नेली ती वजा केली की उरली ती शिशात. आणि ते शिसे कसे निवते, ते मघाशी सांगितलेल्या प्लॅस्टिकच्या भिंतीतले न्यूट्रॉन सांगतात. भरलेल्या कवचांचा प्रभाव शिल्लक असेल तर न्यूट्रॉनांच्या आलेखाचा आकार एक, ओसरला असेल तर दुसरा. तुलनेसाठी त्यांनी टँटलम-१८१ वर तोच मारा करून टंगस्टन-१८४ तापवले, ज्यात कवचे अशी भरलेली नाहीत. तेथे हा प्रभाव अल्पच दिसला, शिशात ठळक. मग सगळ्या आलेखांतून त्यांनी तो स्थिरांक काढला: ०.०६० दर एमईव्ही, चूक वरच्या बाजूला ०.०१० आणि खालच्या बाजूला ०.०२०. साध्या भाषेत, ऊर्जा सुमारे १७ एमईव्हीने वाढली की कवचांचा प्रभाव तिसऱ्या हिश्शाच्या जरा वर उरतो. २०१३ साली हे फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये आले. पी. सी. राऊत, डी. आर. चक्रवर्ती, व्ही. एम. दातार, ई. टी. मिरगुळे, वंदना नानल आणि सहकारी अशी नावे त्यावर आहेत. त्यातली काही आडनावे तुमच्या ओळखीची असतील.

१९७० ते २०१३. ज्या नियतकालिकात तुर्भ्याने कल्पना मांडली, त्याच नियतकालिकात त्रेचाळीस वर्षांनी मुंबईने मोजलेला आकडा दिला. मला या दोन शोधनिबंधांत डावे-उजवे करता येत नाही. आपल्याकडे सिद्धांत मांडणाऱ्याला ज्ञानी म्हणतात आणि मोजणाऱ्याला मेहनती म्हणून सोडून देतात. हे मला अजिबात मान्य नाही. चूक वरच्या बाजूला किती आणि खालच्या बाजूला किती हे वेगवेगळे सांगण्याची तयारी ज्यांनी ठेवली, त्यांच्या बुद्धीला मी राममूर्तींच्या बुद्धीइतकाच मान देतो.

या आकड्याचा उपयोग काय, असे कुणी विचारील. प्रश्न योग्य आहे. आवर्तसारणीतले शेवटचे मूलद्रव्य घ्या, ओगानेसॉन, क्रमांक ११८. रशियातल्या दुबना येथे कॅलिफोर्नियम-२४९ वर कॅल्शियम-४८ आदळवून ते मिळाले. २४९ आणि ४८ मिळून २९७. जे केंद्रक हाती आले ते २९४ चे. विद्यार्थी मित्रांनो, वजाबाकी करा. तीन न्यूट्रॉन सुटले आणि मगच ते केंद्रक उरले. इतक्या जड केंद्रकाला दुभंगण्यापासून रोखते ते मुख्यतः कवचांचेच बळ. ते बळ तापल्यावर किती लवकर ओसरते यावर, तिसरा न्यूट्रॉन सुटेपर्यंत केंद्रक टिकेल की दुभंगेल, हे ठरते. म्हणून ११९ आणि १२० क्रमांकाची मूलद्रव्ये शोधणाऱ्यांच्या गणितात हा स्थिरांक बसलेला असतो. अणुभट्टीच्या आणि ताऱ्यांत जड मूलद्रव्ये कशी घडतात याच्या गणितांतही केंद्रकांच्या याच गुणधर्माची गरज पडते.

शेवटी येथे बसलेल्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना दोन गोष्टी सांगतो. विद्यार्थ्यांना आधी. पदवीच्या पहिल्या वर्षापासून मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र विद्यार्थ्यांना संशोधनाची ओळख करून देते. एम.एस्सी. भौतिकशास्त्र झाले की भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण विद्यालयाची दारे उघडतात, ते १९५७ पासून चालू आहे, राममूर्ती तेथलेच. टाटा संस्था स्वतःची प्रवेश परीक्षा घेते. या सगळ्यांना गुण लागतात, वशिला लागत नाही. अर्ज भरा.

आणि शिक्षकांना हात जोडून विनंती. दहावीच्या, बारावीच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत मुलाने लोलकाचे वाचन घेतले आणि उत्तर पुस्तकाशी जुळले नाही, तर त्याला खोडून पुस्तकातला आकडा लिहायला लावू नका. तो आकडा तसाच राहू द्या, आणि त्याच्यापुढे अधिक-उणे किती, ते त्याला लिहायला शिकवा.